सहीपुरते प्रगतिपुस्तक

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपले की सातारा-सांगलीकडच्या प्राथमिक शाळांच्या पटांगणात निकालाची लगबग सुरू होते. ही या भागातील जुनी रीत. गुरुजी नावे पुकारतात, मुले पुढे येऊन प्रगतिपुस्तक घेतात आणि घराकडे धूम ठोकतात. घरी आजी एवढेच विचारते, 'पास झालास का?' मुलगा मान डोलावतो. प्रगतिपुस्तक कपाटावर जाते आणि जूनमध्ये 'पालकांची सही' या रकान्यासाठी पुन्हा शोधले जाते. आतली पाने भरून लिहिलेली असतात. ती वाचणारे घर विरळा.

पालकांना रस नाही, असे यावरचे ठरलेले उत्तर आहे. ते मान्य करणे कठीण आहे. हेच पालक शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी लागली की आपल्याच नव्हे, तर शेजारच्या मुलाचेही गुण तोंडपाठ सांगतात. ऊसबिल आले की त्यातून आधी शिकवणीचे पैसे बाजूला काढतात. ज्या कागदातून काही कळते, तो कागद लोक वाचतात. प्रगतिपुस्तक वाचून आपल्या मुलाबद्दल कालपेक्षा अधिक काही कळत नाही, आणि जे कळते त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून ते वाचले जात नाही.

यात मुलांचे नुकसान आहे आणि शाळांचेही. दुसरीतील मुलाला वाचता येत नाही हे घरी पाचवीत कळले, तर मधली वर्षे हातची गेलेली असतात. दुसरीकडे, मन लावून शिकवणाऱ्या जिल्हा परिषद शाळेला आपले काम पालकांपुढे मांडता आले नाही, तर पालक डोळ्यांना दिसते त्यावरून निवड करतात. टाय, बूट आणि दारात येणारी पिवळी बस दिसते; वर्गात मूल काय शिकले ते दिसत नाही. मग पट घटतो, पटाबरोबर शिक्षकाचे पद जाते आणि एक दिवस शाळाच बंद करण्याची किंवा शेजारच्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू होते.

श्रेणी आल्या, अर्थ हरवला

आजच्या प्रगतिपुस्तकाचे रूप समजून घ्यायचे तर २०१० पर्यंत मागे जावे लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील २९ व्या कलमाने मुलाचे मूल्यमापन सातत्याने आणि सर्वांगाने व्हावे, असे सांगितले. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी वर्षभराचे निरीक्षण, प्रकल्प, तोंडी काम यांचे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीत आकारिकला ७० आणि संकलितला ३० टक्के भार. वरच्या वर्गांत हे प्रमाण बदलत जाऊन सातवी-आठवीत ४० व ६० असे झाले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, त्याखाली ब-१, ब-२, क-१, क-२, मग ड आणि ई.

कल्पना चांगली होती. एका गुणाने पहिला, एका गुणाने दुसरा ही जीवघेणी चढाओढ थांबावी आणि मुलाविषयी शब्दांत काही सांगितले जावे, हा तिचा हेतू. त्यासाठी 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' असे वर्णनात्मक नोंदींचे रकाने आले. शिक्षकाने मुलाकडे बारकाईने पाहून दोन ओळी लिहाव्यात, ही अपेक्षा.

प्रत्यक्षात काय झाले, ते हिशेबावरून कळते. तिसरीच्या वर्गात तीस मुले, सात विषय, दोन सत्रे. म्हणजे एका शिक्षकाने वर्षात चारशे वीस नोंदी करायच्या. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातील द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. त्याशिवाय ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीची कामे आहेतच. तेव्हा तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या; पुढे त्या मोबाइलवरून फिरू लागल्या. विषयवार शंभर-शंभर वाक्ये तयार मिळतात, त्यातील दोन उतरवायची. 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो', 'वाचनात विशेष प्रगती', 'सरावाची गरज'. एखाद्या आईने आपल्या मुलाचे आणि जावेच्या मुलाचे प्रगतिपुस्तक शेजारी ठेवून पाहिले आणि दोन्हींत तेच वाक्य दिसले, की तिचा त्या पुस्तकावरचा विश्वास तिथेच संपतो. पुढच्या वर्षी शिक्षकाने खरोखर विचार करून लिहिले, तरी ती ते वाचणार नाही.

श्रेणीचेही तसेच. ड किंवा त्याखालची श्रेणी मिळालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान क-२ पर्यंत आणण्याची जबाबदारी २०१० च्या निर्णयाने शाळेवर टाकली. जबाबदारी योग्यच होती. पण खालची श्रेणी लिहिणे म्हणजे स्वतःवर काम आणि खुलासा ओढवून घेणे, असा तिचा व्यवहारात अर्थ झाला. मूल वर चढण्याआधी श्रेणी वर चढू लागली. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही, ही तरतूद तेव्हा होतीच. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाचवी आणि आठवीसाठी तिच्यात बदल झाला आणि २०२३-२४ पासून महाराष्ट्रातही या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. तरी इतर वर्गांच्या प्रगतिपुस्तकांचा प्रश्न तसाच राहिला.

शाळेचे प्रगतिपुस्तक कुठे आहे?

मुलाचे प्रगतिपुस्तक निदान घरी येते. शाळेचेही एक असते, हे बहुतेक पालकांच्या गावी नसते. देशातील प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे. सातारा जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक २७३१ ने, तर सांगलीतील २७३५ ने सुरू होतात. या क्रमांकाखाली शाळेची पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाण्याची सोय अशी माहिती दरवर्षी भरली जाते. माहिती उपयोगी आहे, पण ती शासनाच्या नियोजनासाठी गोळा होते आणि शाळाच भरते. तिच्यात मुलींच्या स्वच्छतागृहाची संख्या मिळेल, तिसरीतल्या किती मुली अस्खलित वाचतात ते मिळणार नाही.

शाळेच्या गुणवत्तेचे मोजमाप करण्याचे प्रयत्नही झाले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि शाळा ठरावीक निकषांवर 'प्रगत' ठरू लागल्या. त्याच वर्षी केंद्राची 'शाळासिद्धी' आली. सात क्षेत्रे, ४६ मानके, आधी स्वयंमूल्यमापन आणि मग बाह्य मूल्यमापन. अलीकडे, २०२३-२४ पासून, नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. त्यांचे गुण ऑनलाइन भरले जातात, म्हणजे मुलाचे गुण आजीपर्यंत पोहोचण्याआधी पुण्याला पोहोचतात. या सर्व कागदांचा वाचक अधिकारी आहे. ज्याचे काम तपासायचे त्यानेच अहवाल भरायचा आणि तो वरच्यांनी वाचायचा, अशी रचना असली की अहवाल हळूहळू वरच्यांना आवडेल असा होत जातो. ही लबाडी म्हणता येणार नाही. परीक्षकाकडे पाहून उत्तर लिहिण्याची सवय आपण सर्वांनीच शाळेत लावून घेतलेली असते.

घरी तपासता येईल असे वाक्य

मग पालकांचा विश्वास कशावर बसतो? याचे उत्तर साताऱ्यातच एकदा मिळालेले आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतील शाळांचा गट. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवणे सुरू झाले. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, शब्दपट्ट्या घेऊन मुले आपापसांत शिकत. त्या शाळांचा लौकिक राज्यभर झाला आणि ठिकठिकाणचे शिक्षक तेथे येऊ लागले. आलेला माणूस अहवाल मागत नसे. तो वर्गात खाली बसे, एखाद्या मुलापुढे पुस्तक धरे, एखाद्या मुलीला गणित घाली. मूल वाचते आहे, गणित सोडवते आहे, हे त्याला समोर दिसे. ज्ञानरचनावादाविषयी मतभेद असू शकतात. पण ज्याला तपासायचे आहे त्याच्यापुढे मूलच बसवले, तर शंकेला जागा उरत नाही.

'प्रथम' संस्थेने २००५ पासून सुरू केलेल्या 'असर' सर्वेक्षणाचे बळही याच साधेपणात आहे. मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी काय वाचता येते, एवढेच त्यात घरी जाऊन पाहतात. गणितात अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. हा कागद इतका साधा आहे की सातवी शिकलेली आईही तो घेऊन आपल्या मुलाला तपासू शकते.

प्रगतिपुस्तकातील प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावावी, असे मला वाटते : हे वाक्य पालकाला घरी, संध्याकाळी, पाच मिनिटांत तपासता येईल का? 'वाचनात विशेष प्रगती' हे तपासता येत नाही. 'दुसरीच्या पुस्तकातील न वाचलेला धडा उघडून दिल्यास पाच ओळी न अडखळता वाचते. जोडाक्षरांपाशी अजून थांबते' हे तपासता येते. 'गणितात सरावाची गरज' यातून काही हाती लागत नाही. 'बेरीज जमते, हातच्याची वजाबाकी चुकते. ५२ मधून २७ घालवून पाहा' हे वाचून आजोबाही नातवाला जवळ बोलावतील. नोंद खरी निघाली की पुढच्या नोंदीवर विश्वास बसतो. खोटी निघाली तर पालक शाळेत येऊन विचारतो, आणि हेही शाळेच्या फायद्याचेच आहे.

असा कागद आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातूनही आलेला आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा भरतो. टेबले मांडलेली असतात. एकावर मूल उड्या मारते, एकावर वस्तूंचे गट करते, एकावर चित्र पाहून गोष्ट सांगते. प्रत्येक ठिकाणी मुलाच्या हातातील विकासपत्रावर खूण होते आणि आई शेजारी उभी असते. मुलाला काय जमले नाही ते तिला आधीच दिसलेले असते, त्यामुळे खुणेविषयी वाद होत नाही. काही आठवड्यांनी दुसरा मेळावा होतो, त्याच पत्रावर पुन्हा खुणा होतात. मधल्या काळात घरी काय खेळ घ्यायचे, ते मातांच्या गटांना सांगितलेले असते. पहिलीच्या उंबरठ्यावर आपण हे करतो आणि मूल आत गेले की पुन्हा 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो' वर येतो.

नुसता अहवाल पुरत नाही

उत्तम अहवाल दिला की सारे सुधारेल, असेही नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास 'प्रथम'ने एक प्रयोग केला. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या अभ्यासात सहभागी होते. गावोगाव सभा झाल्या, लोकांना मुलांची चाचणी घ्यायला शिकवले, गावाचे प्रगतिपत्रक तयार झाले. आपली मुले वाटत होती तितके वाचत नाहीत, हे कळले. तरी शाळांत काही बदलले नाही. बदल झाला तो जेथे गावातीलच स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे तंत्र देऊन वर्ग घेतले गेले, तेथील वर्गांना येणाऱ्या मुलांत.

पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात ११२ गावांत झालेल्या अभ्यासाने वेगळे दाखवले. त्यातील निम्म्या गावांत पालकांना मुलाचे गुण आणि गावातील प्रत्येक शाळेची सरासरी, असे दोन्ही कागद सभेत समजावून दिले. तेथे मुलांचे शिकणे सुधारले, खासगी शाळांचे शुल्क सुमारे १७ टक्क्यांनी उतरले आणि पटनोंदणीही वाढली. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांत पालकांना शाळा निवडण्यास वाव होता. कळलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे ते त्यांच्या हातात होते. जौनपूरच्या पालकांपुढे सरकारी शाळेला जाब विचारण्याखेरीज वाट नव्हती आणि तशी सवय व बळ दोन्ही नव्हते. तेव्हा नोंदीखाली 'यापुढे शाळेत काय करणार' आणि 'घरी काय करता येईल' अशी एकेक ओळ हवी. ती नसेल तर चांगला अहवालही पालकाला फक्त काळजी देतो.

आपल्याकडे सहामाहीचे प्रगतिपुस्तक म्हणूनच वार्षिकपेक्षा महत्त्वाचे आहे. मे महिन्यात कळलेल्या उणिवेवर उपाय करण्यास वर्ग उरलेला नसतो. दिवाळीला कळले तर निम्मे वर्ष हाती असते. व्यवहारात मात्र सहामाहीचे पुस्तक किल्ल्याच्या मातीत आणि फराळात हरवून जाते.

वाचणारा कोण आहे?

या दोन जिल्ह्यांत प्रगतिपुस्तकाचा वाचक शोधणे हेही सोपे नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर विखुरलेले आहेत. माण-खटावची, पाटण-जावळीची कित्येक कुटुंबे मुंबईच्या माथाडी कामावर उभी राहिली. मुलगा गावी आजी-आजोबांकडे, बाप दूर. जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि घरची भाषा कन्नड आहे. या सर्वांना एकाच साच्यातील 'अध्ययन निष्पत्ती', 'संपादणूक पातळी' असे शब्द देऊन चालणार नाही. घरच्या भाषेतली चार वाक्ये पुरतात. लांब असलेल्या बापासाठी मुलाच्या वाचनाची अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत मोबाइलवर पाठवणे आज अवघड नाही. ऑक्टोबरची एक आणि एप्रिलची एक ऐकली की त्याला श्रेणी विचारावी लागणार नाही.

शाळेचा अहवाल जाहीर करताना आणखी सांभाळावे लागते. बारा मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे आठ टक्के. गेल्या वर्षी ७५ टक्के मुले वाचत होती आणि यंदा ६७, असे फलकावर लिहिले तर गावात गहजब होईल, आणि घडलेले असेल एवढेच की एका मुलाचा फरक पडला. लहान शाळेने टक्के न देता संख्या द्यावी आणि तीन-चार वर्षांची एकत्र द्यावी. शिवाय अशा शाळेत सरासरीमागचे मूल कोणते, ते सगळ्यांना ओळखू येते. त्यामुळे कच्च्या मुलांचा आकडा फलकावर न लावता पालकांना एकेकटे सांगणे बरे. कारखान्यांच्या परिसरातील शाळांत गळीत हंगामाबरोबर ऊसतोड मजुरांची मुले येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांची मोजणी स्वतंत्र हवी, नाही तर त्यांना दाखल करून घेणारी शाळाच कागदावर मागे पडते आणि पुढच्या वर्षी दारातून परत पाठवण्याचा मोह होतो. जून ते एप्रिल शाळेत असलेली मुले कुठून कुठवर आली, हा आकडा शिक्षकालाही न्याय देणारा आहे.

या अहवालात शाळेने आपली एखादी उणीव स्वतःहून सांगितली, तर बाकीचे वाचले जाते. 'या वर्षी इंग्रजी शिकवायला चार महिने शिक्षक नव्हते' असे लिहिणाऱ्या शाळेचे 'गणितात सुधारणा झाली' हे वाक्य लोक खरे मानतात. सर्वच क्षेत्रांत अ श्रेणी असलेल्या शाळेवर कोणी विश्वास ठेवत नाही. सातारा जिल्ह्याला हे नवे वाटू नये. १९१९ मध्ये काले येथे सुरू झालेली कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था लोकांच्या धान्यावर आणि वर्गणीवर वाढली. देणाऱ्याला शाळेची अडचण ठाऊक होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात मुलाने स्वतःचे, सोबत्यांनी त्याचे आणि पालकांनीही मूल्यमापन करावे, असे अभिप्रेत आहे. 'परख' या राष्ट्रीय केंद्राने त्याचे नमुनेही तयार केले. पालकाला केवळ सही करणारा न मानता लिहिणारा मानणे, हा त्यातील स्वागतार्ह भाग. धास्ती पानांची आहे. चारशे वीस नोंदींनी जे झाले, तेच रकाने वाढवून पुन्हा होईल.

पालकांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती बैठका घेऊन सांगावी, हे शिक्षकाचे कर्तव्य २००९ च्या कायद्यातील २४ व्या कलमातच लिहिलेले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, हे २१ व्या कलमात. त्यामुळे यासाठी नवा कायदा लागत नाही. दिवाळीपूर्वी प्रत्येक मुलामागे दहा मिनिटे, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला पाच तास लागतील. मूल, पालक आणि शिक्षक एकत्र बसतील, मूल वाचून दाखवील, गणित करील आणि नोंद तिथेच, पालकासमोर लिहिली जाईल. लागेल ती एक सवलत. असे पाच तास देणाऱ्या शिक्षकाला त्या सत्रातील उरलेल्या वर्णनात्मक नोंदी माफ कराव्यात, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने कोरे रकाने पाहून शेरा मारू नये.